मुळं तांबडी आहेत तोवर

पेणच्या पश्चिमेला खारेपाट सुरू होतो. ओहोटीला धरमतरच्या खाडीचं पाणी मागे सरलं की तिवरांच्या बुडाशी काळा चिखल उघडा पडतो आणि त्याचा वास वाऱ्याबरोबर वाशी-वढावच्या घरांत शिरतो. नवखा माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्ही या वासातच वाढलो. तो आला नाही तर वारा फिरलाय एवढंच आम्हाला कळतं. लोक त्याला कुजण्याचा वास म्हणतात. मी त्याला श्वासाचा वास म्हणते, आणि हे अलंकार म्हणून म्हणत नाही.

श्वास म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर नाकापाशी मिळत नाही, पेशीत मिळतं. आपण भात खातो. त्यातून आलेल्या साखरेच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन पेशी काढून घेते आणि एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सोपवत शेवटी प्राणवायूपर्यंत पोचवते. प्राणवायूचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो आणि त्यातून पाण्याचे दोन रेणू होतात. वाटेत टप्प्याटप्प्यावर जी थोडी थोडी ऊर्जा सुटते तिच्यावर आपण चालतो, बोलतो, विचार करतो. फुप्फुसं, रक्त, हृदय ही सगळी यातायात एवढ्यासाठीच, की त्या शेवटच्या प्रथिनाजवळ इलेक्ट्रॉन घ्यायला प्राणवायू हजर असावा.

खाडीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू नाही. पण खायला भरपूर आहे: तिवराची गळलेली पानं, भरतीबरोबर आलेला गाळ, मेलेले किडेमकोडे. तिथले जिवाणू खातात, आणि खाल्ल्यावर हातात आलेले इलेक्ट्रॉन त्यांनाही कुठेतरी ठेवावेच लागतात. ते त्यांना समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर ठेवतात. सल्फेटचं सल्फाइड होतं. त्यातलं काही लोहाशी जुळून चिखल काळा करतं, काही हायड्रोजन सल्फाइड होऊन वाऱ्यावर निघतं. आपण उच्छ्वास टाकतो तसाच तो त्यांचा उच्छ्वास आहे.

माझं आजोळ रोह्याचं, कुंडलिकेच्या काठचं. तिथली भातशेती गोड्या पाण्यावरची. लावणी होऊन रोपं सावरली की मामा खाचरात उतरून एखादं रोप मुळासकट उपटायचा, पाण्यात खळबळून धुवायचा आणि मुळं माझ्यासमोर धरायचा. "हे बघ बाय, मुळं तांबडी हायेत तवर काळजी नाय. काळी पडली का पाणी सोडायचं." भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. वरून घेतलेला प्राणवायू त्यांतून खाली उतरतो आणि थोडा मुळाबाहेर झिरपतो. बाहेरच्या चिखलात लोह विरघळलेल्या रूपात असतं, कारण जिवाणूंनी आपले इलेक्ट्रॉन त्याच्यावर ठेवलेले असतात. मुळाजवळ येताच प्राणवायू ते इलेक्ट्रॉन काढून घेतो, लोहाचा गंज होतो आणि मुळावर तांबूस पुटं चढतात. प्राणवायू कमी पडला की सल्फाइड मुळापर्यंत पोचतं आणि मूळ काळवंडतं. पाणी सोडून दिलं की हवा पुन्हा मातीत शिरते. मामाने इलेक्ट्रॉन हा शब्द कधी उच्चारला नसेल, पण चिखलात इलेक्ट्रॉन कुणाच्या पदरात पडताहेत हे तो मुळाच्या रंगावरून अचूक ओळखत होता.

रंगावरून ओळखणं हाच या विषयाचा खरा आरंभ आहे. चार्ल्स मॅकमन हा इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन गावी वैद्यकी करणारा डॉक्टर. १८८० च्या दशकात तो रोग्यांमधून वेळ काढून प्राण्यांच्या स्नायूंतून गेलेला प्रकाश वर्णपटमापकातून पाहायचा. त्याला त्या रंगपटात काळे पट्टे दिसले, रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या पट्ट्यांहून वेगळे. श्वसनाशी संबंध असलेलं एखादं द्रव्य पेशींमध्येच आहे, असं त्याने लिहिलं. त्या काळचा जर्मनीतला थोर रसायनशास्त्रज्ञ होप-सायलर याने ते उडवून लावलं: हे हिमोग्लोबिनचेच तुकडे. एवढ्या मोठ्या माणसाने नाही म्हटल्यावर विषय बंद पडला. १९११ साली मॅकमन गेला. त्यानंतर १९२५ मध्ये केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिनला तेच पट्टे कीटकांच्या उडण्याच्या स्नायूंत दिसले, आणि मग यीस्टमध्येही. यीस्टचं पाणी हवेत खळखळून हलवलं की पट्टे नाहीसे होत, स्थिर ठेवलं की परत उमटत. पेशीतलं काहीतरी इलेक्ट्रॉन घेत होतं आणि प्राणवायू मिळाला की देऊन टाकत होतं. केलिनने त्याला सायटोक्रोम असं नाव दिलं आणि मॅकमनचं ऋण मान्य केलं. रोग्यांची नाडी पाहणाऱ्या एका डॉक्टरने जे पाहिलं ते खरं होतं, हे ठरायला चार दशकं लागली. मला या गोष्टीचं आजही वाईट वाटतं.

सायटोक्रोम म्हणजे प्रथिनाच्या घडीत बसवलेलं हीम, आणि हीमच्या मधोमध लोहाचा एक अणू. तो लोहाचा अणू इलेक्ट्रॉन घेतो, देतो. पण पंचाईत इथेच सुरू होते. प्रथिन हा विजेचा वाहक नाही. रोह्याच्या वरच्या अंगाला भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. तिथल्या विजेच्या तारेत इलेक्ट्रॉन मोकळे असतात, तांब्यात कुठल्याच अणूशी बांधलेले नसतात. प्रथिनात तसा एकही मोकळा इलेक्ट्रॉन नाही. कार्बन, नायट्रोजन, हायड्रोजनचे अणू, घट्ट बंधांत अडकलेले. मग एका लोहापासून दुसऱ्या लोहापर्यंत इलेक्ट्रॉन जातो कसा? १९४१ मध्ये आल्बर्ट सेंट-ड्यॉर्डी यांनी प्रथिनांतून वीज वाहत असेल का, असा प्रश्न उघडपणे मांडला. प्रश्न बरोबर होता, उत्तर मात्र तारेच्या वाटेने मिळणारं नव्हतं.

हे समजायला मला खांडीचा उपयोग होतो. उधाणाला बाहेरचा बांध फुटला, खांड पडली, की पुढची भरती चढायच्या आत ती बुजवावी लागे. माणसं रांगेत उभी राहत आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात. कुणी गोळा घेऊन धावत नसे. शेजाऱ्याचा हात पोचेल एवढ्याच अंतरावर प्रत्येकाने उभं राहायचं. मधला एक जण निघून गेला की सगळी रांग थांबे. प्रथिनांतही पोच अशीच ठरलेली आहे. अमेरिकेतल्या लेस्ली डटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ज्ञात प्रथिनांच्या रचना मोजून दाखवलं, की इलेक्ट्रॉन देणारं आणि घेणारं ठिकाण यांत साधारण १४ अँगस्ट्रॉमपेक्षा, म्हणजे १.४ नॅनोमीटरपेक्षा जास्त अंतर निसर्ग ठेवत नाही. त्याहून लांब जायचं असेल तर मध्ये आणखी एक लोह, तांबं किंवा तसलंच ठिकाण बसवलेलं असतं.

खांडीची तुलना इथपर्यंतच. चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात जाताना मधल्या हवेत दिसतो. इलेक्ट्रॉन मधल्या जागेत थांबू शकत नाही, तेवढी ऊर्जाच त्याच्यापाशी नसते. तरी तो पलीकडे सापडतो. क्वांटम नियमांनुसार इलेक्ट्रॉनचं अस्तित्व एका बिंदूपाशी संपत नाही, ते आसपास विरळ होत पसरलेलं असतं. पलीकडच्या लोहापर्यंत त्या विरळ अस्तित्वाचा स्पर्श पोचला, तर इलेक्ट्रॉन तिथे असण्याची शक्यता निर्माण होते. अंतर वाढलं की ही शक्यता झपाट्याने ढासळते: प्रथिनात दर पावणेदोन अँगस्ट्रॉमला वेग सुमारे दहा पटींनी घटतो. चौदा अँगस्ट्रॉमच्या मर्यादेचं कारण हेच.

याचा पुरावा १९६६ मध्ये डॉन डीव्हॉल्ट आणि ब्रिटन चान्स यांनी दिला. त्यांनी क्रोमॅटियम नावाचा जिवाणू घेतला, लेझरचा क्षणिक झोत टाकून त्याच्या सायटोक्रोममधला इलेक्ट्रॉन हलवला आणि त्याला लागणारा वेळ मोजला. मग तापमान उतरवत नेलं. रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात, तशी हीही मंदावली; पण एका टप्प्यानंतर मंदावायची थांबली. उणे २०० अंशांच्याही खाली, जिथे सगळं गोठलेलं, तिथे इलेक्ट्रॉन त्याच वेगाने जात राहिला. उष्णतेच्या धक्क्याने डोंगर चढून जाणं हे नव्हे, डोंगरातूनच आरपार जाणं होतं. क्रोमॅटियम हा जांभळा गंधक-जिवाणू. त्याला प्रकाश लागतो आणि सल्फाइड लागतं, म्हणजे धरमतरच्या खाडीकाठी ज्याला नाक मुरडलं जातं तेच. जीवसृष्टीतलं एक मोठं गूढ सोडवायला विज्ञानाला अशा सल्फाइडच्या चिखलात जगणाऱ्या जिवाकडे जावं लागलं, याचा मला खारेपाटातली म्हणून फार आनंद वाटतो.

इलेक्ट्रॉनच्या उडीआधी जे घडतं ते मला उडीइतकंच विलक्षण वाटतं. रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडलेला आणि १९९२ चं नोबेल मिळवून देणारा सिद्धांत सांगतो, की आधी भोवतालच हलतो. लोहाभोवतीचे अणू, पाण्याचे रेणू सतत थरथरत असतात. त्या थरथरीत एखादा क्षण असा येतो की इलेक्ट्रॉन इकडे असला काय नि तिकडे असला काय, ऊर्जा सारखीच. त्याच क्षणी तो जातो. कॅलिफोर्नियात हॅरी ग्रे यांनी १९८० च्या दशकात सायटोक्रोम सी या प्रथिनावर ठरलेल्या जागी रुथेनियमचा अणू बांधला आणि ठरलेल्या अंतरावरून इलेक्ट्रॉन किती वेळात येतो ते मोजलं. सिद्धांत आणि माप जुळत गेले.

दोन प्रथिनं एकमेकांना भेटतात कशी, हे सायटोक्रोम सीमध्ये उत्तम दिसतं. हे शंभरेक अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात आहे. त्याच्या हीमची एक कड पृष्ठभागाजवळ येते आणि त्या कडेभोवती लायसिन या अमिनो आम्लाचे धन भार जमलेले असतात. ज्याच्याकडून इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि ज्याला द्यायचा त्या दोन्ही मोठ्या प्रथिनांवर तिथे ऋण भार असतात. ती जवळ येतात, नेमक्या कडेशी टेकतात, इलेक्ट्रॉन जातो, आणि लगेच सुटतात. सुटणं महत्त्वाचं. घट्ट चिकटून राहिली तर मागचा इलेक्ट्रॉन खोळंबेल. शेवटचं प्रथिन, सायटोक्रोम ऑक्सिडेज, तांब्याच्या अणूंवर इलेक्ट्रॉन घेतं आणि प्राणवायूला देतं. सायनाइड मारतं ते याच जागी बसून, आणि हायड्रोजन सल्फाइडचं विषही इथेच बाधतं. चिखलातल्या एकाचा उच्छ्वास दुसऱ्याचा श्वास कोंडतो. तिवराने चिखलाबाहेर वर काढलेली श्वासमुळं आणि भाताच्या खोडातल्या पोकळ्या ही त्यावरची वनस्पतींची उत्तरं.

प्राणवायू आणि सल्फेट दोन्ही पाण्यात विरघळतात, पेशीच्या आत येऊ शकतात. गंज विरघळत नाही. रोह्याच्या गोड्या खाचरात सल्फेट फारसं नसतं, लोहाचा गंज मात्र लाल मातीत भरपूर. तो पेशीबाहेर मातीच्या कणावर चिकटलेला असतो. मग इलेक्ट्रॉन पेशीबाहेर न्यायचा कसा? पाण्याखालच्या मातीत, भातखाचरांतही, राहणाऱ्या जिओबॅक्टर या जिवाणूने हा प्रश्न सोडवला आहे. १९८७ मध्ये डेरेक लव्हली यांना तो वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. त्याच्या अंगातून बारीक तंतू निघतात आणि त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेरच्या लोहापर्यंत जातात. २००५ पासून हे तंतू पिलिन नावाच्या प्रथिनाचे मानले जात होते. मुंबईच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत गेलेले भौतिकशास्त्रज्ञ निखिल मालवणकर आधी लव्हलींबरोबरच या तंतूंच्या विद्युतवहनावर काम करत होते. पुढे येल विद्यापीठात त्यांच्या गटाने इतरांसोबत अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तंतूची अणूंपर्यंतची रचना काढली, २०१९ मध्ये. तंतू सायटोक्रोमचा निघाला. ओएमसीएस नावाचं प्रथिन एकापुढे एक जोडलेलं, प्रत्येकात सहा हीम, आणि शेजारच्या दोन हीममधलं अंतर अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे १.४ नॅनोमीटरच्या पोचीच्या पुष्कळ आत. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटालाही स्वतंत्रपणे हीच रचना दिसली. लव्हलींनी हा निष्कर्ष सर्वस्वी मान्य केलेला नाही, वाद चालू आहे. पण ती रचना माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही: चार नॅनोमीटर जाडीचा तंतू, त्याच्या गाभ्यात टोकापासून टोकापर्यंत हीमच हीम, आणि पेशी स्वतःच्या शरीराहून कितीतरी लांबवर श्वास सोडते आहे.

खारट गाळात याहून लांबचीही गोष्ट आहे. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये असे जिवाणू जाहीर केले, जे एकापुढे एक हजारो पेशी जोडून सेंटिमीटरभर लांब तंतू बनवतात. खालच्या पेशी सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन काढतात, वरच्या ते प्राणवायूला देतात. जगभरच्या किनाऱ्यांच्या चिखलात ते सापडले आहेत. २०२० मध्ये भाताच्या कुंड्यांत ते सोडून पाहिलं, तर मातीतून निघणारा मिथेन नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. सल्फाइडचं पुन्हा सल्फेट होत राहिल्याने इलेक्ट्रॉन तिकडे वळले.

मिथेनचा मुद्दा आपल्यासाठी थोडा नाही. खाचरातलं लोह आणि सल्फेट संपलं की इलेक्ट्रॉन शेवटी कार्बन डायऑक्साइडवर पडतात आणि मिथेन तयार होतो, पृथ्वी तापवणारा वायू. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोनाली रहाळकर यांनी आपल्याच भागातल्या भातखाचरांतून मिथेन खाणारे जिवाणू वेगळे काढले. त्यांतल्या एकाचं नाव मेथिलोक्युक्युमिस ओरायझी, आडनावातच भात. मिथेन फोडणाऱ्या त्यांच्या प्रथिनालाही प्राणवायूसोबत इलेक्ट्रॉन लागतात. खाडीचं सल्फेट मिळणाऱ्या खाऱ्या शेतात मिथेन कमी व्हावा, असं रसायनशास्त्र सांगतं. वाशी-वढावच्या शेताची आणि रोह्याच्या खाचराची माती त्यासाठी शेजारी ठेवून मोजायला हवी.

आणि वर, भाताच्या रोपाच्या पानात, उलटं चाललेलं असतं. तिथे ऊन पाण्यातून इलेक्ट्रॉन काढतं, प्लास्टोसायनिन नावाचं तांब्याचं प्रथिन ते पुढे नेतं, आणि शेवटी त्यांची साखर होते. थोडी साखर मुळावाटे चिखलात उतरते. जिवाणू तीच खातात.

या जमिनीची किंमत आम्ही फार वेळा दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. खाजण, पडीक, खारवट. कधी कारखान्यासाठी, कधी सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी. सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातील २२ गावांत सेझला जमीन द्यायची का, यावर सार्वमत झालं, तेव्हा माणसांच्या रांगा लागल्या होत्या. त्या रांगांतली माणसं खाऱ्या मातीवर मोड आलेलं भात फोकून पेरत आलेल्या घरांतली होती. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत तगणारी पनवेल १, २, ३ ही भातं त्यांच्यासाठीच काढली. जमीन वाचवायला लोक उभे राहतात, हे आपण पाहिलं. ती जमीन आतून कशी जगते, हे बघायला मात्र आपल्यातलं कुणी अजून पुरेसं वाकलेलं नाही, आणि ही उणीव मला फार लागते.

म्हणून पेण आणि रोह्यात विज्ञान शिकवणाऱ्यांना माझी विनंती. ग्राफाइटच्या दोन कांड्या घ्या. एक खाचराच्या चिखलात वीतभर खोल रोवा, दुसरी वरच्या पाण्यात सोडा आणि दोघींमध्ये मल्टिमीटर जोडा. काही दिवसांत चिखल ऋण आणि पाणी धन होऊन व्होल्टचे काही दशांश दिसू लागतील. चिखलातले जिवाणू आपले इलेक्ट्रॉन तुमच्या कांडीवर ठेवतील. हीच जोडणी खारेपाटातल्या शेतात करा, तशीच कुंडलिकेकाठच्या शेतात करा. लावणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला मुलांकडून आकडा घ्या, शेजारचं एक रोप उपटून मुळांचा रंगही बघायला लावा, आणि दोन्ही एकाच वहीत, तारीख घालून, लिहून ठेवा.